शेवटच्या घराचं पहिलं पाणी

आमची आत्या पाण्याचा वास घ्यायची. म्हणजे नोकरीच ती. कोणाला सांगितलं की आधी हसायचेच. पाण्याला कुठं वास असतो? आत्या म्हणायची, नसतो ना, तो तसाच नसावा म्हणून तर मला ठेवलंय.

शहराला पाणी पुरवणारं जे खातं, त्याची प्रयोगशाळा मोठ्या टाक्यांच्या मागं, दोन मजली, पिवळट भिंतींची. तिथं आत्या आधी बाटल्या धुवायला लागली. शिक्षण जेमतेम. बाटल्या धुवायच्या म्हणजे साबण नाही, नुसतं गरम पाणी, मग अजून गरम पाणी, मग भट्टीत तापवायच्या. एक दिवस तिनं धुतलेल्यांतली एक बाटली उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, हिच्यात कधीतरी रॉकेल होतं. साहेबांनी हुंगली, दोघातिघांनी हुंगली, कोणाला काही येईना. सगळे म्हणाले बाईचं डोकं फिरलंय. मग गंमत म्हणून बाटलीत पाणी भरून मशीनवर तपासलं, तर खरंच निघालं. त्या दिवसापासून आत्याचं नाव पडलं नाक. नाकाला बोलवा. नाक आज रजेवर आहे. नाकाची सही राहिली. आत्याला राग नाही आला कधी. उलट घरी येऊन सांगायची, आज नाकाला चहा मिळाला नाही म्हणून.

पण त्या नाकापायी तिनं काय काय सोडलं ते बघा. वास घ्यायला बसणाऱ्यांना नियम असतो, सकाळी अत्तर नको, वासाचा साबण नको, केसाला तेल नको, तासभर आधी काही खायचं नाही. बाकीचे लोक नियम कामापुरता पाळायचे. आत्यानं तो घरी नेला. तिच्या घरात फूल नाही, उदबत्ती नाही, फोडणी नाही. भाज्या उकडून खायची. कपडे नुसत्या पाण्यात भिजवून वाळवायची, वास नसलेली कसली तरी पांढरी पूड मिळायची तीच वापरायची. वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत शिरलं की असं वाटायचं की अजून कोणी राहायला आलेलंच नाही.

आमची आई तिची वहिनी. तिला हे सगळं फार लागायचं. एकदा आई नटूनथटून गेली भेटायला, तर आत्यानं दारातच खुर्ची आणून ठेवली. "वहिनी, तू इथंच बस, वाऱ्याला."

आई म्हणाली, "का? मी काय घाण मारते का?"

"नाही गं, छान वास येतोय. म्हणूनच."

आई आठ महिने बोलली नाही. बाबांच्या, म्हणजे तिच्या भावाच्या लग्नात आत्या हॉलच्या बाहेर व्हरांड्यात बसून होती म्हणे, आत सगळ्यांनी अत्तरं फवारलेली. फोटोत ती नाहीच कुठं. तिला एक स्थळ आलं होतं, चांगला माणूस, रंगकाम करायचा. तासभर बोलले दोघं. मग आत्या त्याला म्हणाली, तुमच्या अंगाला टर्पेंटाइन येतं. तो म्हणाला, आंघोळ करून आलोय. ती म्हणाली, माहितीये, आंघोळीच्या खालचं येतंय. संपलं तिथंच. एकच वास तिला चालायचा, तान्ह्या बाळाच्या टाळूचा. घरात बाळ आलं की दिवसभर मांडीवर घेऊन डोक्याला नाक लावून बसायची. बाळ मोठं झालं, त्याच्या केसाला तेल लागलं, की परत लांब.

मशीनचं सांगायला पाहिजे. गॅस क्रोमॅटोग्राफ म्हणतात, ती जी.सी. म्हणायची. आत्यानं इतक्यांदा सांगितलंय की घरात सगळ्यांना पाठ. पाणी छोट्या कुपीत घ्यायचं, मीठ टाकायचं, वर रबराचं बूच. कुपी गरम करायची म्हणजे पाण्यातला वास वर सुटतो. बुचातून सुई घालायची, सुईच्या आत केसासारखा धागा, तो अर्धा तास वास पिऊन घेतो. मग तो धागा मशीनच्या गरम तोंडात. आत तीस मीटर नळी गुंडाळलेली, तीही केसासारखी. गॅस वासाला त्या नळीतून ढकलत नेतो. प्रत्येक वासाची चाल वेगळी, कोणी लवकर पोचतो, कोणी रमतगमत. जो पोचला त्याची पडद्यावर टेकडी उठते. आणि नळीच्या शेवटी दोन वाटा, एक मशीनला जाते, दुसरी काचेच्या एका वाटीला. त्या वाटीला नाक लावून आत्या बसायची, हातात बटण. वास आला की दाबायचं. मशीन टेकडी काढतं आणि नाक सांगतं ती टेकडी कसली.

मातीचा वास सतरा मिनिटं आठ सेकंदांनी यायचा. त्याचं नाव जिओस्मिन. आत्या त्याला बिटाचा वास म्हणायची, कुंडी उचलली की खाली येतो तो. पोटाला काही करत नाही तो, पण माणूस पाणी थुंकतो. आणि किती असतो? पोहायचा मोठा तलाव भरायचा आणि बोटाला चिकटलेलं मीठ त्यात झटकायचं. तेवढा.

आता गोष्ट सांगते ती. आत्याला एक्कावन्नावं लागलं होतं.

खात्याकडं एका माणसाची तक्रार यायची. पाण्याला मातीचा वास येतो. दर आठवड्याला चिठ्ठी, अक्षर मोत्यासारखं. म्हातारा माणूस, घड्याळं दुरुस्त करायचा, दुकान बंद करून सगळी हत्यारं घरी आणून ठेवलेली. जुन्या वस्तीत एका बोळात शेवटचं घर. नमुने गोळा करणारा एक माणूस होता, त्याला सगळे नमुनेवाला म्हणायचे, आणि होताही तो नमुनाच. तो चार वेळा जाऊन आला. चारही वेळा पाणी स्वच्छ. मशीनवर सपाट. आत्यानं वाटीला नाक लावलं, काही नाही.

नमुनेवाला म्हणाला, "म्हाताऱ्याच्या नाकातच माती गेली असणार. आता वेळ पण तीच आलीये."

"गप रे," आत्या म्हणाली.

पाचव्या वेळी चिठ्ठी आली नाही, त्यांची मुलगीच आली. दुसऱ्या गावाहून, पिशवी घेऊन, डोळ्याखाली काळं. ती मॅडमसमोर बसली. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य, आत्यापेक्षा वयानं लहान, पण कामाला चोख. मुलगी म्हणाली, "मॅडम, मला एवढं लिहून द्या की पाण्यात काही नाही. अप्पा एकटे राहतात. आधी वास यायला लागला, उद्या आवाज यायला लागतील. मी त्यांना घेऊन जाते म्हणते, ते ऐकत नाहीत. म्हणतात प्रयोगशाळा सांगेल तेव्हा मानेन की डोकं गेलंय माझं."

"घर?" मॅडमनी विचारलं.

"घर बंद करायचं."

मॅडमनी कागद ओढला. चार तपासण्या होत्याच हातात. आत्या भिंतीला टेकून उभी होती. तिला काय वाटलं कोण जाणे. ती म्हणाली, "मॅडम, एकदा मी जाऊन येते. उद्या लिहा."

मॅडम म्हणाल्या, "ताई, चार वेळा शून्य आहे."

"पाचव्यांदा पण शून्य आलं तर लिहू की. पाच वेळा म्हणून लिहू."

त्या दुपारी आत्या नमुनेवाल्याबरोबर गेली. बोळात सात घरं, सहांना कुलूप. लोक नव्या वस्तीत गेलेले. टोकाला लॉन्ड्री होती तीही बंद. घड्याळवाल्या काकांनी दार उघडलं तसा आतून तेलाचा आणि तंबाखूचा असा लोट आला की आत्या दोन पायऱ्या खाली सरकली.

काका म्हणाले, "आत या की."

"नको काका, तुमच्या घरात तेलाचा वास फार आहे. माझं नाक बसतं."

"मग नाक बाहेर ठेवून या."

नमुनेवाला हसला. आत्या नाही हसली, पण ते वाक्य तिनं घरी येऊन सांगितलं होतं.

नमुनेवाल्यानं नियमाप्रमाणं केलं. नळ सोडला, पाच मिनिटं वाहू दिला, मग बाटली काठोकाठ भरली, आत बुडबुडा नको, क्लोरीन मारायची पूड टाकली, बूच लावलं, बर्फात ठेवली. आत्यानं खिडकीतूनच पेल्यातलं पाणी मागून घेतलं आणि हुंगलं. काही नाही.

काका तिच्या तोंडाकडं बघत होते. "नाही ना येत?" म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "पोरगी न्यायला आलीये मला. तिच्याकडं खिडकीतून भिंत दिसते. चांगली आहे पोरगी. पण भिंत दिसते."

निघताना आत्याला खिडकीच्या कट्ट्यावर एक पेला दिसला, वर बशी झाकलेली.

"हे काय?"

"सकाळचं पाणी. दोन घोट घेतले आणि ठेवून दिलं. तुम्हाला दाखवायला. पण आता येत नसेल."

आत्यानं बशी उचलली आणि नाक जवळ नेलं. आणि तशीच उभी राहिली. बीट. उचललेली कुंडी. बशीखाली कोंडून राहिलेला, थोडासाच, पण तोच.

"काका, हे तुम्ही किती वाजता भरलं?"

"उठल्या उठल्या. साडेपाच. नळ सोडला की पहिलाच पेला मी पितो. चाळीस वर्षं."

"पाच मिनिटं वाहू देत नाही?"

"पाणी काय वाया घालवायला आहे?"

आत्यानं नमुनेवाल्याकडं बघितलं. नमुनेवाल्यानं नळाकडं बघितलं. चार वेळा आला होता तो, आणि चारही वेळा त्यानं वास आधी मोरीत सोडून दिला होता आणि मग बाटली भरली होती. नियमच तसा. नळीत रात्रभर साठलेलं पाणी मोजायचं नाही, वाहतं मोजायचं. सगळ्या शहरात ते बरोबर. पण या बोळात सात घरं आणि लॉन्ड्री यांच्यासाठी घातलेली जाड नळी, आणि पिणारा माणूस एक. पाणी आत नुसतं पडून राहायचं. क्लोरीन उडून जायचा, आतून शेवाळ्यासारखं काहीतरी धरायचं, त्याचा तो वास. शेजारी असते, त्यांनी नळ सोडले असते, तर आला नसता. माणूस एकटा पडला म्हणून वास येत होता.

दुसऱ्या दिवशी पाचला ती एकटी गेली. बस नव्हती, चालत. काका उठायच्या आधी पायरीवर जाऊन बसली. त्यांनी दार उघडलं, तिनं खिडकीतून बाटली दिली, "नळ सोडा आणि पहिलीच धार हिच्यात." काकांनी घड्याळाचं काम करणाऱ्या हातानं अशी भरली की एक बुडबुडा नाही.

मॅडम म्हणाल्या, "ताई, हा नमुना नियमात बसत नाही. नळ वाहू दिलेला नाही."

"मॅडम, ते पाणी नियमानं पीत नाहीत. पहिलं पितात. आपण त्यांनी न प्यायलेलं पाणी तपासतोय चार वेळा."

मॅडमनी स्वतःच कुपी भरली.

मुलगी बाहेर बाकावर बसलेली. आत्या वाटीला नाक लावून. आधी काय काय येऊन गेलं, रबर, थोडं प्लास्टिक, कसलं तरी गवत. सोळा मिनिटं. तिनं नंतर सांगितलं, मी बापाच्या आजारपणात पण एवढा श्वास धरला नव्हता. सतरा. आणि मग आला. तिनं बटण दाबलं, आणि त्याच वेळी मॅडम पडद्याकडं बघून म्हणाल्या, "अगंबाई."

टेकडी अशी उभी, सुळक्यासारखी. अडतीस नॅनोग्राम लिटरला. माणसाला पाच-दहाला कळतो.

मॅडमनी मुलीला आत बोलावलं. कागदावर लिहिलं की तक्रार खरी आहे, नळीच्या टोकाला पाणी साठतं, तिथं व्हॉल्व्ह बसवून ते सोडायची व्यवस्था करावी. मुलीनं कागद दोनदा वाचला. रडायलाच लागली. आत्याला कळेना ती खूश आहे की काय.

"म्हणजे अप्पांचं डोकं ठीक आहे?"

आत्या म्हणाली, "डोक्याचं मला माहीत नाही. नाक ठीक आहे."

काका राहिले त्यांच्या घरात. बोळाच्या टोकाला लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह बसला. तो आठवड्यातून एकदा उघडायचा. खात्याचा माणूस एकदा आला, दोनदा आला, मग नाही आला. मग आत्यानंच चावी मागून घेतली. लांब दांड्याची, वर आडवी मूठ, खांद्यावर टाकून न्यावी लागायची. दर शनिवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. बसमध्ये लोक विचारायचे काय हो हे, ती म्हणायची शहराचा नळ बंद करायला चाललेय, पाणी भरून ठेवा.

सहा वर्षं. व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी गटारात सोडायचं, वास जाईपर्यंत. मग काका खिडकीतून पेला द्यायचे. ती हुंगायची, प्यायची, म्हणायची, छान आहे. काका आत खिडकीशी स्टुलावर, ती बाहेर पायरीवर. तासभर बसायची. घरात मात्र नाही. दर शनिवारी काका म्हणायचे आत या की, ती म्हणायची नाक बसतं, काका म्हणायचे बाहेर ठेवून या. दोघांचं ठरल्यासारखं. बाकी फार बोलायचे नाहीत म्हणे. आई एकदा म्हणाली, "काय बोलता तुम्ही एवढं?" आत्या म्हणाली, "काही नाही. ते घड्याळ उघडतात, मी बघते."

मग सत्तावन्नाव्या वर्षी तिला ताप आला. साधाच ताप. दहा दिवस पडून होती. आईनं पेज नेली, दारात ठेवली, सवयीनं. दोन शनिवार चुकले. तिसऱ्या शनिवारी गेली, अंगात जोर नव्हता, व्हॉल्व्ह थोडाच फिरवला. काकांनी पेला दिला. तिनं हुंगला.

"छान आहे."

काकांनी घोट घेतला आणि खाली ठेवला. "बाई, गंमत करताय का?"

"का?"

"येतोय की. पहिल्यासारखाच येतोय."

आत्यानं परत हुंगलं. पेला रिकामा असल्यासारखा. मग पेला बाजूला ठेवून नुसता श्वास घेतला, खिडकीच्या दिशेनं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तेलाचा वास पण येत नाहीये. तंबाखूचा नाही. ती त्या खिडकीला जवळजवळ चिकटून उभी होती आणि आत जणू काही नव्हतंच.

तिनं काकांना काही सांगितलं नाही. बाटली भरून घेतली, काठोकाठ.

सोमवारी वाटीला बसली. मॅडम पडद्याजवळ. हातात बटण. आता ऐका, तिला तर पाठ होतं. सतरा मिनिटं आठ सेकंद. समोर भिंतीवर घड्याळ. तिनं डोळे मिटून दाबलं असतं तरी बरोबर लागलं असतं. निवृत्तीला तीन वर्षं होती. कोणाला कळलं नसतं, एक दिवस नाही, तीन वर्षं नाही. आणि तिच्याकडं दुसरं होतं काय? ना घर म्हणावं असं घर, ना माणूस. सगळं त्या नाकासाठी घराबाहेर काढलेलं.

सतरा झाली. वर आठ सेकंद झाले, पुढचे पण गेले. पडद्यावर टेकडी उठली. आत्याचा अंगठा बटणावर, पण दाबला नाही.

मॅडम वळल्या. "ताई? बटण?"

"मला नाही आला."

"थकवा असेल. तापातून उठलाय."

"मॅडम, ताप आल्यापासून काही येत नाही. सकाळी दूध प्यायले, ते नासलेलं होतं. आंबट लागलं तेव्हा कळलं."

मॅडमनी तिचा हात धरला म्हणे. नमुनेवाला दारात उभा होता, तो काही तरी विनोद करायला आला असणार, तसाच परत गेला. डॉक्टर म्हणाले येईल परत, तीन महिने, सहा महिने. नाही आला. आत्यानं स्वतःच अर्ज लिहून दिला. तिच्या जागी नवीन कोणी घेतलं नाही, वाटीला झाकण लावून टाकलं.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, ती चावी खांद्यावर टाकून गेलीच. व्हॉल्व्ह उघडला. पाणी सोडलं, किती सोडायचं कळेना, शेवटी काकांनी खिडकीतून सांगितलं, गेला आता, बंद करा. मग सवयीनं म्हणाले, "आत या की."

आत्या पायऱ्या चढली. दारात उभी राहिली.

"आज नाक बाहेर ठेवून आलेय," म्हणाली.

काका हसले आधी. मग तिच्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू गेलं. त्यांनी एका खुर्चीवरची घड्याळं उचलून टेबलावर ठेवली, खुर्ची पुसली आणि तिच्या पुढ्यात सरकवली. सहा वर्षं त्या खिडकीच्या बाहेर बसलेली बाई, स्वयंपाकघर आतून पहिल्यांदा बघत होती. काकांनी कॉफी केली. "कशी झालीये?" "गरम आहे," ती म्हणाली. मग काका तिला सांगायला लागले. कॉफी जरा करपलीये. तेल हे अमुक घड्याळाचं, त्याला किंचित लवंगेसारखा येतो. शेजारच्या बंद घरात उंदीर मेला असावा. ती ऐकत बसायची. हे सगळं तिनं आईला एकदाच सांगितलं, आणि आई त्या वेळी पहिल्यांदा तिच्या घरात आत पलंगावर बसली होती, केसाला तेल लावून. आत्या म्हणाली, "वहिनी, तुझ्या तेलाचा वास कसला आहे गं?" आईला सांगताच येईना.

दीड वर्ष गेलं असं. मग या थंडीत आत्या झोपेतच गेली. शेजारणीला दुपारी कळलं.

तीन आठवड्यांनी बाबा आणि आई तिच्या खोल्या आवरायला गेले. आईनं कपाट उघडलं. माणूस गेलं तरी कपड्यांत राहतं ना काही दिवस, म्हणून आईनं एकेक कपडा नाकाशी धरला. काही नाही. शाल, काही नाही. उशीचा अभ्रा, तोही कोरा. आई खाली बसली, म्हणाली, "अहो, हिनं काही ठेवलंच नाही मागं." मग दाराच्या मागं खुंटीवर एक करडा स्वेटर होता. आईनं तो घेतला आणि दचकली. तंबाखू. आणि कसलं तरी तेल, बारीक, लवंगेसारखं.

"हे कुणाचं?" बाबांनी विचारलं.

तेवढ्यात दार वाजलं. एक म्हातारा माणूस, कोट घातलेला, जिने चढून धापा टाकत होता. हातात बाटली, तपकिरी काचेची, काठोकाठ भरलेली, बूच घट्ट लावलेलं. दुसऱ्या हातात चिठ्ठी, आत्याच्या अक्षरातला पत्ता.

"बाई आहेत का?" म्हणाले. "तीन शनिवार आल्या नाहीत. पाण्याला वास यायला लागला. म्हटलं आजारी असतील, पहिलं पाणी मीच घेऊन येतो."

आईनंच सांगितलं. काकांनी बाटली हळूच टेबलावर ठेवली. तिथंच दाराशी उभे राहिले, आत की बाहेर ते कळेना त्यांना. आईला त्यांच्या कोटाचा वास आला. तिनं हातातल्या स्वेटरकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"आत या," आई म्हणाली. "बसा."

ते बसले. पलंगाच्या अगदी कडेला. आईनं स्वेटर त्यांना दिला नाही, पण धुवायलाही टाकला नाही. तो अजून तसाच पिशवीत तोंड बांधून ठेवलाय. बाबा थोडा वेळ खिडकीशी उभे होते. मग कोपऱ्यातली ती लांब चावी उचलली, खांद्यावर टाकून बघितली.

"व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा असतो?" बाबांनी विचारलं.

"ते मी सांगेन," काका म्हणाले. "तुम्ही फक्त फिरवा."